व्हॅनवाल्या काकांची आंधळी कोशिंबीर

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर खेळायला बसावं, असं माझे वडील म्हणायचे. ते कौतुकाने म्हणायचे, मी ते संशयाने घेतलं. पत्ते पिसणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता मी हाताकडे बघते. संगीत खुर्ची सुरू झाली की टेपरेकॉर्डरचं बटण कोणाच्या नवऱ्याच्या हातात आहे, ते आधी पाहून ठेवते. हळदीकुंकवाला ताटात वीस-पंचवीस वस्तू मांडतात, मिनिटभर दाखवून रुमालाने झाकतात आणि आठवून लिहायला सांगतात. त्यात दर वर्षी एकच बाई पहिली आली, तर ताट मांडणारी तिची कोण लागते याची चौकशी करणारी मीच. नवरा म्हणायचा, "तुला देवाने स्वतः येऊन प्रसाद दिला तरी तू तो हुंगून खाशील." खाईन. त्यात काय चुकलं?

नव्वदीच्या शेवटी आम्ही विरारजवळ बोळिंजला राहायला आलो. नव्या इमारती, मधे पटांगण, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे केळीची बाग. कोणी कोकणातलं, कोणी आमच्यासारखं साताऱ्याकडचं, कोणी परळची चाळ सोडून आलेलं. जिन्यात भेटलं तर एकमेकांना फक्त टँकर आला का एवढंच विचारायचं. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक होते. लोक एकत्र यायचे असतील तर त्यांना खेळवा, असं त्यांचं ठाम मत. म्हणून सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की पटांगणात दिवसभर खेळ असत. लहानांची लंगडी, मोठ्यांची रस्सीखेच, लिंबू-चमचा, नवराबायकोची सुईदोऱ्याची शर्यत, आणि शेवटी सगळ्यांची आंधळी कोशिंबीर.

आंधळ्या कोशिंबिरीत आमच्याकडे नुसतं पकडून भागत नसे. डोळे बांधलेल्याने ज्याला पकडलं त्याचं नाव, त्याला बोलू न देता, नुसतं चाचपून सांगायचं. बरोबर आलं तर पुढचा गडी पकडायचा, चुकलं की राज्य दुसऱ्यावर; जास्त नावं ओळखेल त्याला बक्षीस. यात व्हॅनवाल्या काकांना तोड नव्हती. हे काका तळमजल्यावर राहत. मूळचे जवळच्याच गास गावचे, शेतीवाले. जमिनीचा तुकडा विकून त्यांनी एक खोलीचा फ्लॅट आणि एक व्हॅन घेतली होती, आणि त्या व्हॅनमधून आमच्या सोसायटीची सगळी पोरं शाळेत जात. माझी मुलगीही. तेव्हा ती दुसरीत होती.

डोळ्यांवर पट्टी बांधली की इतर माणसं हात पुढे पसरून, पाय घासत चालतात. काका तसे चालत नसत. सरळ जात, थबकत, मान कलती करत आणि हात टाकत. मनगट हाताला लागलं की नाव तयार. लोक ओरडायचे, "काका, फटीतून बघताय!" दर वर्षी पट्टी आणखी घट्ट बांधली जाई, आणि दर वर्षी काका स्टीलचा डबा घेऊन घरी जात. पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं, की हा माणूस नाकाच्या कडेने बघतोय. मला लबाडी पकडल्याचा आनंदच झाला.

दुसऱ्या वर्षी मी नुसता तोच खेळ बघितला नाही, काका कोणते खेळ खेळत नाहीत तेही बघितलं.

सुईदोऱ्याच्या शर्यतीत बायको सुई धरून उभी राहायची आणि नवऱ्याने धावत जाऊन दोरा ओवायचा. काका त्या वेळी नेमके पाण्याची टाकी बघायला गेले. लिंबू-चमच्याच्या वेळी त्यांचा गुडघा दुखायला लागला, आणि तोच गुडघा रस्सीखेचीत ठणठणीत होता. आम्ही राहायला आलो तेव्हा कॅरममध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, क्वीन कुठेही असो, ती त्यांचीच. आता कॅरम मांडला की म्हणत, "बोटाला लागलंय." बोट महिनोन्‌महिने बरं होत नव्हतं. गणपतीत दुपारी बायका-पुरुष मिळून बदामसत्ती खेळत होतो, तेव्हा त्यांनी बदामाच्या जागी चौकटची अठ्ठी टाकली. सगळे हसले. मी हसले नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, आणि ते पानाकडे बघत नव्हते, पानाच्या जरा बाजूला बघत होते.

फटीतून बघणारा माणूस मला चालला असता. पण या माणसाला फटीतून बघायची गरजच नसेल, पट्टी असली काय नि नसली काय त्याला सारखंच असेल, तर माझी पोरगी रोज सकाळी कोणाच्या हातात जाते?

एकदा संशय आला की तो एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. दिवाळीपासून काकू व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायला लागल्या होत्या. मुलं दंगा करतात म्हणून, असं सांगितलं गेलं. आधी मला वाटलं, बाईला नवऱ्याचा भरवसा नसेल, शाळेच्या फाटकाशी आयांची गर्दी असते. पण काकू मागे मुलांकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर समोर रस्त्यावर, आणि ओठ सारखे हलत. व्हॅन आता फाटकातून आत येत नसे, बाहेरच थांबे. फाटकाच्या खांबावर निळ्या रंगाचा ओरखडा होता, आणि व्हॅन निळीच होती. काकांची स्वतःची मुलगी त्याच शाळेत सातवीत. ती बापाच्या व्हॅनमधून जायचं सोडून मैत्रिणीच्या सायकलवर डबलसीट जायला लागली होती. मी तिला जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाली, "व्हॅनमध्ये जागा नसते." जागा होती. माझ्या मुलीच्या शेजारी चांगली ऐसपैस जागा होती.

रस्ता आमच्याकडचा तेव्हा कसा होता ते सांगायला हवं. एक गाडी गेली की दुसरीने गटाराच्या कडेला उतरून उभं राहायचं. सकाळच्या वेळी पाण्याचे टँकर भरधाव सुटलेले, कारण जास्त फेऱ्या मारायच्या असत. वळणावर म्हशी. त्या रस्त्यावर चांगले डोळे असलेल्यालाही घाम फुटे.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." शेजारच्या दोघी आयांना सांगितलं. एक म्हणाली, "काका किती चांगले आहेत हो, पोरगं उठलं नाही तर दहा मिनिटं थांबतात." दुसरी म्हणाली, "तुम्हाला आमच्या भिशीतसुद्धा काळंबेरं दिसलं होतं." ते खरं होतं. मी आठवडाभर मुलीला रिक्षाने नेलं, तर सोसायटीत बोललं जाऊ लागलं की मी कष्टाळू माणसाच्या पोटावर पाय देते आहे. मुलगी रडायची, तिला व्हॅनच हवी असायची. मी तिला काढून घेतलं तरी बाकीची डझनभर पोरं त्यात बसणारच होती. माझ्याकडे एक चौकटची अठ्ठी आणि एक ओरखडा, एवढंच होतं. एवढ्यावर कोणी कोणाची भाकरी काढून घेत नाही, आणि मलाही ते करवत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, खेळातच बघायचं.

माझ्याकडे काळ्या जॉर्जेटची एक ओढणी होती. लांबून बघणाऱ्याला काळीकुट्ट, पण एकच पदर डोळ्यांवर घेतला की उन्हात आतून सगळं दिसतं. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी मी ती नवऱ्याच्या डोळ्यांवर बांधली आणि हातात वर्तमानपत्र दिलं. त्याने ठळक मथळे धडाधड वाचले. "हे काय चाललंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, उद्याची तयारी."

झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, संगीत खुर्ची झाली. दुपारचं ऊन लख्ख होतं. आंधळ्या कोशिंबिरीची वेळ आली तशी मी सेक्रेटरींना म्हटलं, "या वर्षी पट्टी मी बांधते. दर वर्षी लोक फटीची तक्रार करतात, मी बांधली तर कोणी बोलणार नाही." सगळे हसून हो म्हणाले. माझ्या संशयी स्वभावावर त्या दिवशी अख्ख्या सोसायटीचा विश्वास होता.

काका खाली मान करून उभे राहिले. मी ओढणीचा एकच पदर डोळ्यांवरून घेतला आणि मागे गाठ मारली. त्यांनी एकदा हात वर नेऊन कपड्याला बोट लावलं, मग हात खाली घेतला.

खेळ सुरू झाला. सेक्रेटरी खोकले आणि लगेच पकडले गेले. माझा नवरा चपला फटफटवत पळाला आणि तोही सापडला. मी चपला काढून ठेवल्या. आमच्या बायका या खेळात करत तसा काचेच्या बांगड्यांवर रुमाल गच्च बांधला, म्हणजे त्या वाजत नाहीत. आणि श्वास धरून मी सरळ काकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

आमच्यात हातभर अंतर होतं. सूर्य माझ्या तोंडावर होता. मी मान हलवून नाही-नाही केलं. जीभ काढली. मग हात उगारला, थोबाडीत मारायला उगारावा तसा, आणि झपकन त्यांच्या नाकासमोर आणला. ज्याला दिसतं त्याची पापणी हलतेच, ते आपल्या हातात नसतं. इतक्या जवळून ओढणीआडून मला त्यांची पापणी दिसत होती. ती हलली नाही.

मला वाटलं होतं, खात्री झाली की मला विजयी वाटेल. मी उगारलेला हात खाली घेतला आणि बाजूला झाले.

डावीकडे कोणीतरी फिसकन हसलं. काका तिकडे वळले, दोन पावलं जोरात टाकली आणि संगीत खुर्चीतली राहिलेली लाल प्लॅस्टिकची खुर्ची मधे होती, तिच्यावर आदळून पालथे पडले. भर उन्हातली लालभडक खुर्ची.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "अरे, काका खुर्चीवर आदळले! म्हणजे बघत नव्हते! आपण उगाच या माणसावर आळ घेत होतो!" सेक्रेटरींनी तिथल्या तिथे जाहीर केलं की या वर्षी काकांना प्रामाणिक खेळाडू म्हणून वेगळं बक्षीस. लोक त्यांना उठवत होते, पाठ थोपटत होते. माझ्याकडे बघून एक जण म्हणाला, "काय वहिनी, आता तरी पटलं ना?" त्या गर्दीत मला आणि काकांनाच माहीत होतं की नेमकं काय सिद्ध झालं. तिसऱ्या काकू. त्या कडेला उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत नव्हत्या.

काका टाकीच्या कट्ट्यावर बसले. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी ओढणी सोडली होती आणि बोटांमध्ये चोळत होते.

"वहिनी, कापड पातळ आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"मला बांधताना कळलं. तेव्हाच काढून टाकू शकलो असतो. म्हटलं, बघू तरी, काही दिसतं का. नुसता उजेड तरी." त्यांनी ओढणीची घडी घातली. "काचबिंदू आहे. उजवा तर गेलाच. डाव्यात धुकं."

काकू तरातरा आल्या. "मी अस्ते ना बाजूला! रिक्षा आली सांगते, म्हस आली सांगते, टँकर आला तर थांबा म्हनते. आजपरत एका पोराला खरचटलंय का, सांगा! डॉक्टर, औषध, घर, कोन चालवनार? तुमी?"

मी म्हटलं, "तुमची पोरगी बसवता का त्या गाडीत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी असं वाटलं, पण मी घातली नाही. मला त्यांचा राग आला होता, भयंकर राग, आणि त्याच वेळी त्यांच्या जागी मी काय केलं असतं हे मला धड सांगता येत नव्हतं. मी काकांना म्हटलं, "झेंडा उतरवायच्या आत तुम्ही सगळ्यांना सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"त्यांना काय सांगता, मी सांगते तुमाला..." काकू सुरू झाल्या.

"चावी दे," काका म्हणाले.

काकूंनी दिली नाही. मग त्यांनी नुसता हात पुढे करून ठेवला, बराच वेळ. शेवटी काकूंनी कमरेची चावी काढून त्या हातावर ठेवली आणि त्या घरात निघून गेल्या.

संध्याकाळी झेंडा उतरवायला सगळे जमले तेव्हा काकांनी ती चावी सेक्रेटरींच्या हातात दिली आणि चार वाक्यांत सांगितलं. दुपारी ज्यांनी पाठ थोपटली होती त्यातला एक जण अंगावर धावून गेला, त्याला दोघांनी धरलं. एका आईने मुलाला उचलून घेतलं, चांगला दहा वर्षांचा घोडा, त्याला कडेवर घेऊन उभी राहिली. माझ्याशी कोणी बोललं नाही. खरी ठरलेली संशयी बाई खोटी ठरलेलीपेक्षा जास्त नकोशी असते, हे मला त्या दिवशी कळलं. मला त्याचं दुःख नाही. पुन्हा वेळ आली तर मी तीच ओढणी काढेन.

व्हॅन विकली गेली. काकू फाटकाशी वालाच्या शेंगा आणि केळी घेऊन बसू लागल्या. मी मुद्दाम त्यांच्याकडूनच घेई. त्या माझ्याकडे न बघता तोलून देत, आणि मापात कधी कमी भरलं नाही. घरी जाऊन मी वजन करून बघत असे, हे सांगायला नकोच.

नवा व्हॅनवाला विरारचाच एक तरणा मुलगा होता. मी त्याचं लायसन्स बघितलं, आमच्या गॅलरीतून समोरच्या दुकानाची पाटी त्याच्याकडून वाचून घेतली, आणि मग मुलीला पाठवलं. आठवड्याभरात तोच माझ्या दारात उभा.

"मॅडम, जरा पोरीला समजवा ना," तो म्हणाला. "तिचं एकटीचं नाय, सगळीच पोरं. पूर्ण रस्ताभर बोंबलतात. डावीकडे रिक्षा, पुढे म्हैस, टँकर आला थांबा. अहो, मला दिसतंय ना! डोक्याला शॉट झालाय. आणि नाय बोललो तर रडतात."

तो गेल्यावर मी मुलीला समोर बसवलं. काकू काकांना रस्ता सांगायच्या एवढं मला ठाऊक होतं. पोरांचं काही ठाऊक नव्हतं.

"तो आमचा खेळ होता," ती म्हणाली. "काकूंनी शिकवला. जो आधी सांगेल त्याला लिमलेटची गोळी. काकूंना बरं नव्हतं ना, तेव्हा दोन दिवस आम्हीच सांगितलं. एकदा तर टँकर मीच आधी बघितला."

मी तिला जवळ ओढलं. तिला ते आवडलं नाही, तिला पुढचं सांगायचं होतं.

"पण आई, रोज काकांवरच राज्य असायचं. आम्ही म्हणायचो, काका, आता दुसऱ्या कोणावर तरी द्या ना. तर ते म्हणायचे, नको रे बाळांनो, माझ्यावरच राहू दे."